भूकेंद्री मास्तर

कुणी काहीही विचारलं की सर आधी हातातला खडू टेबलावर ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि उलट विचारायचे, "तू खंयसून बघतंस, ता आधी सांग."

वर्गात ते स्वच्छ प्रमाण मराठीत शिकवत. कुठून बघतोस, हा एक प्रश्न मात्र मालवणीतच. किल्ला किनाऱ्यापासून किती लांब आहे, सूर्य नेमका कुठे बुडतो, मुंबई मोठी की मालवण, काहीही विचारा. लोक कंटाळत. एकदा एसटीत कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, आधी खंयसून ता इचार. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता त्यांना ऐकवलं, "ता माका ठावक आसा मास्तर, माझ्या फुड्यातच चडलास." अख्खी गाडी हसली. सर सगळ्यात जास्त हसले.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे सगळे हसून बघतात आणि ज्याच्यावाचून कुणाचं चालत नाही. आमच्या गावाने त्या माणसाचं काय केलं, ते मला सांगायचं आहे. मी ते शांतपणे सांगणार नाही. गावाच्या हातात हत्यार मी दिलं होतं.

सर आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहायचे. वडील दुसऱ्याच्या होडीवर जाऊन मासेमारी करता करता गेले. आई टोपली घेऊन मासे विकायची, अजून विकते. त्या घरातून विज्ञानाची पदवी घेतलेला हा पहिला माणूस. गावच्या हायस्कुलात विज्ञान आणि भूगोल शिकवायला लागला तो शिक्षणसेवक म्हणून. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तीन वर्षं मानधनावर राबायचं, आणि संस्थेचं समाधान झालं तर कायम व्हायचं. संस्थेचं समाधान या दोन शब्दांवर किती तरुण माणसांची उमेद टांगलेली असते, ते समाधान करणाऱ्यांना कधी कळत नाही.

आमच्या किनाऱ्याची एक गोष्ट आधी सांगते. खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. भरती असेल तर होडी तिच्यावरून आत येते. नसेल तर लाट होडीला वाळूवर आपटते. त्यामुळे भरती केव्हा, हा इथे रोजचा प्रश्न आहे. बंदरांसाठी छापील कोष्टकं असतात, पण आमच्या गावाचं नाव कुठल्याच कोष्टकात नाही. जुनी माणसं तिथीवरून हिशेब करत. तिथीची पाऊणपट करायची, आमच्या किनाऱ्यासाठी त्यातून तासभर कमी करायचा, की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, तास कमी केला की पाच. पाच वाजता भरती. पंधरा-वीस मिनिटं इकडे-तिकडे. ती जुनी माणसं एकेक करून जात होती आणि तरुणांना मोबाइलवरचे आकडे सोडून दुसरे आकडे पाठ नव्हते.

सरांनी काय केलं, तर शाळेतला एक फुटका फळा मागून घेतला आणि मासळीच्या लिलावाच्या जागी माडाला टांगला. रोज सकाळी नववीतली दोन मुलं-मुली शाळेला जाता जाता त्यावर लिहीत. वर तिथी, मधे गुणाकार, खाली वेळ. नुसती वेळ लिहिलेली सरांना चालत नसे, गुणाकार दिसलाच पाहिजे. होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने एकदा फळ्यासमोर उभं राहून हिशेब तपासला आणि एक चूक काढली. सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात नेऊन खुर्चीवर बसवलं. तो म्हातारा पुढे वर्षभर शाळेच्या गोष्टी सांगत होता, जसा काही तिथे शिकलाच होता.

आता माझं. मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले. आमच्या घरी कपाटाच्या एका खणात कपडे आणि तीन खणांत पत्रकं असत. अक्षरओळखही मला त्यांच्यावरूनच झाली. त्यामुळे मला वाटायचं, जग दोन भागांत आहे. एक भाग पत्रक काढतो, दुसऱ्या भागाविरुद्ध पत्रक काढायचं असतं. पदवी घेऊन गावी परतले तेव्हा आमचा सात-आठ जणांचा गट होता. शाळाशाळांत जाऊन आम्ही वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलायचो. काम चांगलं होतं, हे मी आजही म्हणते.

एके सकाळी मी किनाऱ्यावर गेले आणि तो फळा पाहिला. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'वद्य षष्ठी'. खाली विज्ञानाच्या शिक्षकाचं वळण दिसणारा गुणाकार. माझं डोकं सणकलं. विज्ञानाचा शिक्षक मुलांकडून पंचांग लिहून घेतो! त्याच आठवड्यात एका पालकाने तक्रारीच्या सुरात सांगितलं, की सर म्हणतात पृथ्वी मध्यभागी धरणारी भूकेंद्री पद्धत अजून वापरात आहे. मला पुरेसा पुरावा मिळाला होता. त्या संध्याकाळी मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'भूकेंद्री मास्तरांपासून सावधान'. नाव घातलं नाही. गावात विज्ञानाचा शिक्षक एकच होता, नाव घालायची गरज नव्हती.

दोन घरं पलीकडे जाऊन विचारायला मला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही. पत्रक लिहिणाऱ्याला विचारायची सवय नसते, हे मी माझ्यासारख्या सगळ्यांना उद्देशून म्हणते.

वर्गात खरं काय घडलं होतं, ते मला पुष्कळ नंतर त्या वर्गातल्या मुलींनी सांगितलं. पुस्तकात धडा होता, की पूर्वी लोक पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे असं मानत. वर्ग हसला. सर म्हणाले, हसू नका, चला बाहेर. मैदानात त्यांनी एका मुलीला सूर्य म्हणून उभं केलं, दुसरीला पृथ्वी, आणि तिसरीला पृथ्वीभोवती फिरायला लावलं. चंद्र झालेली मुलगी सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे आली तेव्हा त्यांनी पृथ्वीला विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, चंद्राची नुसती पाठ. ही अमावास्या. मग सूर्याला विचारलं, तुला अमावास्या दिसते का? सूर्य झालेली मुलगी उन्हाने वैतागली होती. म्हणाली, "माका पोर्णिमाच दिसता सर, आणि तहान लागली."

तिला पाणी देऊन सरांनी वर्गाला समजावलं. भूकेंद्री हा शब्द दोन कामांना वापरतात. एक, पृथ्वी सगळ्याच्या मध्यभागी आहे आणि सूर्य तिच्याभोवती फिरतो, असं म्हणणं. ते चूक आहे, परीक्षेत चूक असंच लिहा. दुसरं, मोजायला पृथ्वीवर उभं राहणं. सूर्यापासून चंद्र किती अंश पुढे गेला, ते पृथ्वीवरून मोजतात. बारा अंश गेला की एक तिथी. सूर्यावर बसलेल्याला तिथीच नाही. भरती येते पृथ्वीवर, होडी बुडते पृथ्वीवर, तेव्हा मोजायचंही इथूनच. आजचे खगोलशास्त्रज्ञही चंद्राची जागा अशीच देतात, आणि त्यांनाही तिला भूकेंद्री म्हणायला लाज वाटत नाही. मग हळूच मालवणीत शिरून म्हणाले, "मालवणातसून चंद्र जरा वेगळो दिसता, मुंबयसून जरा वेगळो. भांडणा नकोत म्हणान सगळ्यांनी मिळून पृथ्वीच्या पोटातली जागा धरल्यानी, जंय कोणाकच बसूक गावाचा नाय."

इतकं सोपं, इतकं स्वच्छ मी त्यानंतर कुणाकडून ऐकलेलं नाही. आणि मी या माणसाविरुद्ध पत्रक काढलं.

पत्रक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. मी भांडणाच्या तयारीने ओटीवर गेले. त्यांनी पत्रकाची घडी उलगडून माझ्यापुढे धरली. समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त होत्या. शेवटी एक छोटी आकृती काढली होती: सूर्य, पृथ्वी, चंद्र आणि मधे बारा अंशांचा कोन.

"भाषा बरी आसा," ते म्हणाले. "उत्तर चुकला."

मी काहीतरी ठणकावून बोलणार होते. पण नजर त्या आकृतीवर गेली. ते म्हणाले, उद्या सकाळी साडेआठला किनाऱ्यावर ये. मी गेले. फळ्यावर पावणेनऊची वेळ होती. खाडीच्या बाहेर पाच होड्या थांबल्या होत्या. आत यायला कुणी घाई करत नव्हतं, माणसं तंबाखू मळत बसली होती. पावणेनऊच्या सुमाराला पाणी वाळूवर चढलं आणि एकेक होडी अलगद आत आली. कुणी नारळ फोडला नाही, कुणी हात जोडले नाहीत. तिथी म्हणजे देवाचं काम असं मला वाटत होतं. ती माणसं तिच्याकडे घड्याळाकडे बघावं तशी बघत होती.

मी तिथेच चूक कबूल केली. सर म्हणाले, ठीक आहे. पण ठीक नव्हतं. माझं पत्रक तोवर भलत्याच हातात पडलं होतं.

आमच्या शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष आंब्याच्या बागांचा मालक. सहीसुद्धा मुहूर्त बघून करणारा माणूस. शाळेच्या मुतारीचं भूमिपूजन त्याने राहुकाळ टळावा म्हणून दोन तास अडवलं होतं, आणि मुलं तेवढा वेळ उन्हात रांगेने उभी होती. या माणसाला सरांच्या जागेवर आपला भाचा आणायचा होता. सरांचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. काम इतकं चोख, की बोट ठेवायला जागा नव्हती. ती जागा मी छापून दिली. अध्यक्षाने सरांना नोटीस काढली: आपण विद्यार्थ्यांना अवैज्ञानिक शिकवण देत असल्याचे निदर्शनास आले आहे. सोबत पुरावा म्हणून माझं पत्रक जोडलं होतं.

ज्या माणसाच्या गाडीला लिंबू-मिरची लटकते, तो विज्ञानाच्या नावाने विज्ञानाच्या शिक्षकाला काढतो. हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर कृपा करून पुन्हा वाचा.

मी दुसरं पत्रक काढलं. माझी चूक झाली, सरांचं बरोबर आहे, का बरोबर आहे, सगळं लिहिलं, आकृतीसकट. बाजारात, एसटी स्टँडवर मी स्वतः उभी राहून वाटलं. पहिलं पत्रक लोकांनी घरी नेऊन वाचलं होतं. दुसऱ्यात लोकांनी भजी बांधून नेली. मला सांगण्यात आलं, की त्यात मजा नाही.

संस्थेची बैठक शाळेच्या ऑफिसात झाली. पाच जण टेबलामागे, सर पुढे उभे. खुर्ची रिकामी होती, कुणी बसा म्हणालं नाही. मी बाहेर व्हरांड्यात होते. एक सदस्य माझं पत्रक मोठ्याने वाचू लागला. ज्यांचा मला अभिमान होता, ती माझी वाक्यं त्या तोंडून येत होती. मी सरळ आत शिरले आणि म्हणाले, हे मी लिहिलं आहे आणि हे खोटं आहे.

अध्यक्ष हसला. "तुमीच लिवलात, आता तुमीच खोटा म्हणतात. मग आमी खंयचा धरूचा, बाय?"

बाकीचे चौघेही हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मान हलवून मला बाहेर जायची खूण केली. मी गेले नाही.

मग अध्यक्षाने एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. म्हणाला, आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, यावर सही करा आणि कायम व्हा. कागदावर दोन वाक्यं होती. पहिलं: भूकेंद्री सिद्धान्त चुकीचा असून पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही. दुसरं: तिथीवरून भरती-ओहोटी सांगणे अवैज्ञानिक असून मी ते यापुढे विद्यार्थ्यांना शिकवणार नाही व किनाऱ्यावरील फळा काढून टाकीन.

डाव नीट ओळखा. सही केली तर चूक कबूल, म्हणजे उद्या कधीही काढता येईल. नाही केली तर आजच. पण मला वाटलं, करावी. नोकरी वाचते आहे ना? घरी आई पहाटेपासून टोपली उचलते. मी मनातल्या मनात ओरडत होते, करा सही, नंतर भांडू.

सरांनी कागद दोनदा वाचला. पेन काढलं. पहिल्या वाक्याखाली सही केली आणि दुसरं वाक्य तसंच सोडलं. म्हणाले, "पहिलं मी पहिल्या दिवसापासून शिकवतो आहे. दुसऱ्यावर सही करता येणार नाही."

अध्यक्षाने विचारलं, एवढा हट्ट कशाला? एका सहीने काय समुद्र आटणार आहे?

इतका वेळ सर ऑफिसातली मराठी बोलत होते. आता ती गेली. "मी सही केलंय तर उद्या नववीतला पोर घराक जावन बापाशीक सांगात, मास्तरान लिवन दिल्यान, तिथीवर भरती येना नाय. बापूस तसोच होडी घेवन खाडीच्या तोंडाक जायत. मगे त्याका शोधूक कोण जातला? तुमी?"

एका सदस्याचा भाऊ होडीवर होता. त्याने मान खाली घातली, आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला तेव्हाही ती खालीच होती. पाचही हात वर गेले. सेवा असमाधानकारक. तीन वर्षं संपली, सरांना कायम केलं नाही.

आम्ही अर्ज केले. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात, ओरोसला, बसने चार खेपा झाल्या. अर्जावर पोच मिळाली, तारखा मिळाल्या. भाचा मात्र जूनमध्ये रुजू झाला. तारखेची वाट बघायची ताकद पोटाला नसते. सरांना गोव्यात एका धक्क्यावर नोकरी मिळाली. खनिज वाहणाऱ्या सपाट बुडाच्या बार्जेसना भरती बघून नदीत आत-बाहेर जायच्या वेळा काढून द्यायच्या. तिथे कुणी त्यांना भूकेंद्री म्हणून काढून टाकलं नाही. तिथे त्याच हिशेबाचा पगार मिळत होता.

जायच्या दिवशी दुपारी मी एसटी स्टँडवर गेले. मी तिसरं पत्रक लिहून आणलं होतं, अध्यक्षाच्या नावानिशी, मुहूर्तांच्या यादीसकट. त्यांना वाचून दाखवायचं होतं. त्यांनी दोन ओळी ऐकल्या आणि विचारलं, राहुकाळाची गोष्ट तू स्वतः पाहिलीस की ऐकलीस? मी म्हणाले, ऐकली. ते म्हणाले, "मगे आधी जावन इचार. त्या पोरांका इचार. आणि मगे लिव, सोडू नको." पणजीची गाडी लागली. त्यांनी पिशवी वर टाकली आणि खिडकीची जागा मिळते का ते बघत आत गेले. मी गाडी वळेपर्यंत थांबले होते. ते पलीकडच्या बाजूला बसले असावेत, दिसले नाहीत.

मी त्या मुलांना विचारलं. उन्हात उभ्या राहिलेल्या एकूण एकाला. मगच पत्रक छापलं. अध्यक्षाचं काही वाकडं झालं नाही, पण त्यातल्या एकाही ओळीला कुणी खोटं म्हणू शकलं नाही.

सरांच्या आईने माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. एके दिवशी मी बांगडे घ्यायला तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा तिने टोपलीतून मान वर न करता विचारलं, "माझ्या झिलान तुझा काय वायट केलेल्यान गो?" मी टोपलीपुढे पिशवी धरली. तिने बांगडे निवडून दिले. चांगले निवडून दिले, त्याचा मला आणखी त्रास झाला.

सर सणाला येतात, दोन दिवसांत जातात. त्यांनी पुन्हा कुठल्याही शाळेत अर्ज केला नाही. मी एकदा सुचवून बघितलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आता सवय गेली. मला ठाऊक आहे, ते खोटं बोलत होते. मी त्या माणसाला खोटं बोलताना एवढं एकदाच ऐकलं.

परवा शेजारची नववीतली मुलगी निबंध दाखवायला माझ्याकडे आली. तिच्या दप्तरात विज्ञानाची वही होती, मी चाळली. भाच्याने प्रश्न लिहून दिला होता: भूकेंद्री म्हणजे काय? खाली उत्तर: पृथ्वीला जगाचे सिंहासन देऊन स्वतः तिच्या मांडीवर बसणाऱ्या अडाणी माणसांचा समज म्हणजे भूकेंद्री.

मुलीला विचारलं, हे कुठून लिहिलंस? ती म्हणाली, सरांनी सांगितलं, सगळ्यांनी पाठ केलं.

ते वाक्य माझं आहे. पहिल्या पत्रकातलं, जसंच्या तसं. समासात गुण होते, पाचपैकी पाच.